गच्चीवरचा सांडवा

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सातला दुधाची पिशवी घेऊन येत होतो, तर सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींनी गेटपाशीच अडवलं. म्हणाल्या, "काका, रात्री पाऊस झाला का हो?"

मी वर बघितलं. ढगाचा तुकडाही नव्हता. "कुठला पाऊस मावशी? अंगाची लाही होतेय."

"मग पावसाच्या पाइपातनं पाणी का येतंय?"

आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला, कचऱ्याच्या डब्यांपलीकडं, गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणणारा चार इंची पाइप आहे. तो जमिनीजवळ वळून पावसाळी गटारात जातो. तिकडं मावशींखेरीज कुणी फिरकत नाही. जाऊन बघितलं, तर पाइपाच्या तोंडातून करंगळीएवढी धार लागलेली आणि खाली गटाराच्या जाळीवर हिरवंगार शेवाळ. धारेपेक्षा मला शेवाळाची धास्ती वाटली. शेवाळ काही एका रात्रीत धरत नाही. म्हणजे कित्येक दिवस, कदाचित कित्येक आठवडे, आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि वीस घरांतल्या एकालाही पत्ता नव्हता.

मी पिंपळे गुरवला राहतो. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत चौतीस वर्षं काढली, प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालो. निवृत्त माणूस आणि त्यात मेकॅनिक म्हटल्यावर सोसायटीच्या कागदावर 'देखभाल समिती' म्हणून जे काही आहे ते मीच. समिती म्हणजे मी, एक बॅटरी आणि पान्ह्यांचा डबा.

आमच्या सोसायटीत दोन प्रकारचं पाणी आहे. आमच्या भागात पुष्कळ ठिकाणी असतं. एक कॉर्पोरेशनचं. पवना धरणातून सुटलेलं हे पाणी नदीनं रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथं उचललं जातं, निगडीला सेक्टर २३मध्ये शुद्ध होतं आणि मग आमच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं. तिथून मोटरनं गच्चीवर. नोव्हेंबर २०१९पासून ते एक दिवसाआड यायला लागलं. दुसरं पाणी बोअरचं. ते मचूळ आणि जड; संडास-बाथरूम आणि कुंड्यांसाठी. गच्चीवर दोघांच्या टाक्या वेगळ्या. बोअरची टाकी लिफ्टच्या खोलीवर, कॉर्पोरेशनची जिन्याच्या डोक्यावर, बोअरच्या टाकीपेक्षा पुरुषभर खाली. हा पुरुषभराचा फरक ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

टाकी वाहते म्हटल्यावर आपल्याकडं चौकशी करायची पद्धत ठरलेली आहे. आधी वॉचमनला बोलवायचं. आम्हीही तेच केलं. संध्याकाळी पार्किंगमध्ये पाच-सहा जण जमलो, मामांना उभं केलं आणि 'मोटर चालू ठेवून झोपता का' म्हणून विचारलं. मामा लातूरकडचे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, ते दिवस त्यांनी तिथं राहून काढलेले. एवढंच म्हणाले, "साहेब, आमच्याकडं रेल्वेनं पाणी आलतं. मी पाणी सांडीन का?" कुणी ऐकलं नाही. पगारातून पाचशे रुपये कापायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

रात्री झोप लागेना. मामांचं वाक्य डोक्यात होतंच, पण त्याहून जास्त टोचत होती ती माझी स्वतःची शिस्त. कार्यशाळेत 'गाडी गरम होते' म्हणून बस आली की नवखा पोरगा थेट इंजिनाला हात घालायचा. मुरलेला माणूस आधी ड्रायव्हरला विचारायचा, कधी गरम होते? घाटात की सपाटीला? निघाल्या निघाल्या की तासाभरानं? निम्मा दोष तिथंच सापडायचा. मी टाकीला हा प्रश्न विचारलाच नव्हता. न विचारताच एका माणसाचे पाचशे रुपये कापले होते.

टाकी कधी वाहते, यावरच बाकीचं सगळं अवलंबून असतं. आपल्या घरी कुणी वाहत्या टाकीखाली उभं असेल तर त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो.

मोटर चालू असतानाच वाहत असेल, तर मोटर वेळेवर बंद होत नाही, इतकाच त्याचा अर्थ. हातानं बंद करत असाल तर विसर पडतोय. सेन्सर असेल तर टाकीत लोंबणाऱ्या त्याच्या काड्या वर काढून बघा. जड पाण्यात त्यांच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि त्यांना पाणी 'कळेनासं' होतं. व्हिनेगर लावून घासा, स्वच्छ धुवा. त्याआधी मात्र मेन स्विच बंद करायचा. ओल्या गच्चीवर विजेशी मस्करी नको.

नळाला पाणी आलं की वाहत असेल, तर बॉल कॉक बघायचा. त्याची परीक्षा अगदी सोपी आहे. टाकीत हात घालून चेंडू वर उचलून धरा. धार थांबली तर कॉक शाबूत आहे, दोष चेंडूत किंवा दांडीत. चेंडू काढून कानाशी हलवा. आत कुळकुळ वाजलं तर त्याला चीर गेली आहे, आत पाणी शिरलंय आणि तो आता तरंगत नाही, नुसता लोंबतो. चेंडू कोरडा असेल तर दांडी थोडी खाली वाकवा, म्हणजे पाणी कमी उंचीवर तुटेल. आणि चेंडू उचलूनही धार थांबली नाही, तर वॉशर गेला किंवा त्याच्या बैठकीत वाळूचा कण अडकला. वॉशर मिळतो चहाच्या पैशात. दुसऱ्या दिवशी करू म्हणून राहतो तो मात्र महिनोन्महिने.

दोन टाक्या खालून जोडलेल्या असतील आणि एकच वाहत असेल, तर पाण्याची नळी लावून दोन्हींची पातळी तपासा. एक टाकी बोटभर जरी खचली असेल तरी तीच आधी सांडणार, आणि बॉल कॉक दुसरीत असेल तर त्याला ते कधीच कळणार नाही.

आणि मोटर बंद, नळाला पाणी नाही, तरीही टाकी वाहते? मग कुठून तरी दुसरं पाणी आत येतंय. म्हणजे कुठं तरी दोन लाइनी एकमेकींना भेटल्या आहेत.

शनिवारी रात्री मी मामांना सोबत घेऊन गच्चीवर चढलो. माझं वय बघता एकट्यानं चढणं शहाणपणाचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला साक्षीदारही हवा होता. कॉर्पोरेशनच्या मोटरचा फ्यूज काढून खिशात ठेवला. त्या दिवशी आमचा पाण्याचा वार नव्हता. म्हणजे त्या टाकीत एक थेंब यायला वाट नव्हती. आम्ही कठड्याला टेकून बसलो. दापोडीच्या बाजूला लोकलचा आवाज आला, गेला.

साडेबाराच्या सुमाराला टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपात गुळगुळ झाली. मग धार लागली. तो पाइप वीतभरच लांब, आणि पुढं थेट पावसाच्या पाइपात खुपसून सिमेंटनं लिंपलेला. मी आधीच तो सांधा फोडून ठेवला होता. धारेखाली वीस लिटरची बादली लावली आणि घड्याळ बघितलं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत भरली. मिनिटाला साडेसात लिटर. रात्री बारा ते पहाटे पाच एवढेच तास धरले तरी २,२५० लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. त्या हिशेबानं चाळीस माणसांचं दिवसाचं पाणी रोज रात्री आमच्या कचऱ्याच्या डब्यांमागं जात होतं.

मी ओंजळ धरली आणि घोट घेतला. मामांनीही घेतला. माझ्या आधी तेच बोलले, "साहेब, हे आपलं प्यायचं पाणी न्हाई. बोअरचं हाय."

घोट मचूळ होता. आणि त्या मचूळ घोटासरशी मला एकदम घरातली तुरीची डाळ आठवली. गेला महिनाभर आमच्याकडं डाळ शिजत नव्हती. कुकरच्या सात-सात शिट्ट्या, तरी दाणा टणक. हिनं दोनदा दुकान बदललं, वाण्याशी भांडून झालं, कुकरची रिंग नवी आणली. जड पाण्यात डाळ शिजत नाही हे आमच्या आईलाही ठाऊक होतं. ती डाळीपुरतं पाणी गोड्या विहिरीवरून आणायची. पण नळ तोच, टाकी तीच, तेव्हा पाण्याचा संशय कोण घेणार? दुसऱ्या मजल्यावर चहा बेचव होतो म्हणून पावडर बदलली होती. चेअरमन साहेबांच्या फायलीत सोसायटीचं विजेचं बिल वाढलेलं होतं, ते त्यांनी लिफ्टच्या खात्यावर टाकलं होतं. मावशींना पाइप दिसला होता. एकाच आजाराची चार लक्षणं चार घरांत चार वेगवेगळी औषधं घेत होती.

काय घडत होतं ते आता उघड होतं. कुणाच्या तरी घरात बोअरची आणि कॉर्पोरेशनची लाइन जोडली गेली होती. दिवसा सगळे नळ चालू असतात, तेव्हा काही जाणवत नाही. रात्री नळ बंद झाले की पुरुषभर उंचावरच्या टाकीतलं बोअरचं पाणी खाली उतरायचं, त्या जोडातून दुसऱ्या लाइनीत शिरायचं, आणि तिच्यातून उलटं वर चढून कॉर्पोरेशनच्या टाकीत बुडाकडून भरायचं. वरचं पवनेचं गोडं पाणी ओव्हरफ्लोतून निघून जायचं, त्याची जागा मचूळ पाणी घ्यायचं. बोअरची टाकी रिकामी व्हायला लागली की तिचा पंप आपोआप सुरू व्हायचा. तो पंप जमिनीच्या पोटात. त्याचा आवाज कुणाला येणार? कॉर्पोरेशनच्या मोटरला दोन वर्षांपूर्वी बसवलेला सेन्सर मात्र चोख काम करत होता. त्याला मोटरवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि मोटर काही वावगं करत नव्हती.

राहिला प्रश्न घराचा. कॉर्पोरेशनच्या टाकीतून पाच लाइनी खाली उतरतात, प्रत्येकीला गच्चीवर गेट वॉल्व्ह. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा कार्यशाळेतला धडा. पहिला वॉल्व्ह बंद केला, दहा मिनिटं थांबलो, धार तशीच. उघडला. दुसरा बंद केला. धार तशीच. तिसरा बंद करून मी तंबाखूची पुडी काढतोय तोवर धार मुकाट झाली.

तिसऱ्या लाइनीवर चार स्वयंपाकघरं आहेत. १०३, २०३, ३०३, ४०३. मी ३०३मध्ये राहतो.

मला तेव्हाच कळलं. जिना उतरताना पाय जड झाले. तीन वर्षांपूर्वी, कॉर्पोरेशनचं पाणी संपलं की भांडी खोळंबतात म्हणून, ओट्याखाली मीच एक 'टी' टाकून बोअरची लाइन जोडली होती. दोन्हीकडं एकेक वॉल्व्ह. एक उघडायचा तर दुसरा बंद करायचा, हे घरात सगळ्यांना नीट समजावून सांगितलं होतं. एप्रिलमध्ये लेक आणि नातवंडं आली होती, एका संध्याकाळी पाणी संपलं होतं. रात्री दोन वाजता ओट्याखाली डोकं घालून बॅटरी मारली, तर दोन्ही वॉल्व्ह उघडे आणि पाइपात बारीक सूं-सूं. हिला जाग आली. "या वेळी ओट्याखाली काय शोधताय?" मी म्हटलं, "तुझी डाळ."

वॉल्व्ह कुणी उघडा ठेवला, ते मी विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. ज्या जोडणीत चूक टाळायला माणसाची आठवण लागते, ती जोडणीच चूक आहे. एसटीत आम्ही अशी रचना करणाऱ्याला हसलो असतो. सकाळी टी काढून टाकला, बोअरच्या लाइनीला बूच मारलं. पुढं कुणाच्या घरी असंच झालं तरी पाणी उलटं चढू नये म्हणून पाचही लाइनींवर एकेक एनआरव्ही बसवून घेतला. रविवारी दुपारी कुकरच्या चार शिट्ट्यांत डाळ मऊ झाली नाही, कारण टाकीत अजून जुनंच पाणी होतं. टाकी रिकामी करून धुतली, ताज्या पाण्यानं भरली, त्यानंतर झाली.

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर मामांचे पाचशे रुपये मी माझ्या खिशातून परत केले आणि चूक कुणाची होती ते सांगितलं. लोक हसले. चेअरमन म्हणाले, "चला, सापडलं, मिटलं."

माझं म्हणणं, मिटलं नाही. माझ्या ओट्याखालचा दोष मिटला. खरा दोष गच्चीवरच्या त्या वीतभर पाइपात होता. टाकी वाहणं हा अपघात आहे. तो कुणाच्याही घरी, कधीही होणार. वॉशर झिजणार, चेंडूला चीर जाणार, माणूस विसरणार. पण आमची टाकी आठवडेच्या आठवडे वाहिली ती कुणी बेफिकीर होता म्हणून नव्हे. वाहताना ती कुणाला दिसत नव्हती म्हणून. बांधणाऱ्यानं ओव्हरफ्लो पावसाच्या पाइपात लपवला होता. भिंत खराब होत नाही, कुणाच्या अंगावर पाणी पडत नाही, दिसायलाही नीटनेटकं. आणि त्या नीटनेटकेपणातून पाणी मुकाट्यानं निघून जातं.

प्लंबिंगच्या पुस्तकांत या पाइपाला आणखी एक नाव आहे, वॉर्निंग पाइप. म्हणजे नुसतं जास्तीचं पाणी काढून देणं हे त्याचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम बोंब मारायचं. आपण त्याचं तोंड दाबून टाकलंय.

आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे, सांडवा. धरणाचा सांडवा कधी लपवलेला बघितलाय? ऑगस्टमध्ये पवना धरण भरलं आणि दरवाजे उचलले की किती क्युसेक सोडलं ते पेपरात छापून येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरहून थोडं जास्त, हेही आम्ही नदीकाठचे लोक त्या बातम्या वाचून शिकलो. भोंगा वाजतो, काठच्या वस्त्यांना सावध करतात. धरण बांधणाऱ्यानं मुळातच धरलेलं असतं की पाणी एक दिवस सांडणार, आणि सांडेल तेव्हा ते सगळ्यांना कळलं पाहिजे. त्याच धरणाचं पाणी आमच्या गच्चीवर आलं की मात्र त्याचा सांडवा आम्ही भिंतीआड दडवतो.

मी बैठकीत मांडलं ते इतकंच. ओव्हरफ्लो पावसाच्या पाइपातून काढायचा, कठड्याला भोक पाडून बाहेर आणायचा आणि स्कूटरच्या शेडवर, पत्र्यावर सोडायचा. चार मजल्यांवरून पत्र्यावर पाणी पडलं की मेलेला माणूस जागा होईल.

विरोध झाला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. एका वहिनींचं म्हणणं, भिंतीवर ओघळ येतील. म्हटलं, पाइप कठड्याबाहेर हातभर पुढं काढू, भिंतीला पाणी लागणारच नाही. आणि ओघळ आलेच तर ते आपल्या हलगर्जीपणाचं मोजमाप समजू. एक तरुण म्हणाला, काका, आता मोबाइलवर टाकीची पातळी दिसते, तसलं यंत्र बसवू. बसवा की. पण आमचा सेन्सर शाबूत असतानाच हे सगळं झालं, हे विसरू नका. यंत्र आपण सांगू तिकडं बघतं. पत्र्यावर पडणारं पाणी कुठूनही आलेलं असो, वाजणारच. तिसरा आक्षेप पावसाळ्याचा: पावसात पत्रा तसाही वाजतो, तेव्हा काय? हा आक्षेप मला मान्य करावा लागला. चार महिने कान कामाचा नाही, उघडीप मिळेल तेव्हा डोळ्यांनीच बघावं लागेल. उरलेले आठ महिने तरी पदरात पडतात.

चौथं म्हणणं सगळ्यांत गुळगुळीत होतं. "एवढं काय काका? पाण्याला असे किती पैसे पडतात? आणि जातं कुठं, जमिनीतच ना?" जमिनीत जात नव्हतं, गटारात जात होतं, हे एक. आणि जमिनीत गेलं असतं तरी ते रावेतला उचललेलं, निगडीला गाळलेलं, आमच्या मोटरनं वर चढवलेलं पाणी. प्रत्येक पायरीला वीज लागलेली. पण मला पैशाचा हिशेब सांगायचाच नव्हता. मी त्यांना ९ ऑगस्ट २०११ची आठवण दिली. पवनेचं पाणी बंद पाइपातून आमच्या शहराकडं आणायच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी त्या दिवशी बऊरला एक्स्प्रेसवेवर उतरले होते. गोळीबार झाला, तीन माणसं गेली. योजना बरोबर की चूक, यावर पार्किंगमध्ये वाद घालायचा नव्हता. पण ज्या पाण्यापायी धरणाकडच्या माणसांचे जीव गेले, त्या पाण्याला 'किती पैसे पडतात' हा प्रश्न आम्ही विचारू नये, एवढं मला वाटलं. त्यावर कुणी बोललं नाही. ठराव झाला.

काम एका दुपारचं निघालं. जुन्याहून एक माप मोठा पाइप घेतला, कारण आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जायची वाट मोठीच हवी. तोंडाला बारीक जाळी बांधली, नाहीतर डास त्याच वाटेनं टाकीत जाऊन अंडी घालतात. वॉल्व्ह मात्र बसवला नाही. प्लंबर बसवतो म्हणत होता, 'कटकट नको असेल तेव्हा बंद करता येईल' म्हणून. सांडव्याला झाकण लावायचं नसतं, हे त्याला समजावून सांगावं लागलं.

आता थोडं सोसायटीबाहेरचं. पाणी वाचवायच्या पाट्या आमच्या चौकाचौकांत आहेत. 'थेंब थेंब' वगैरे वाचून पोरं पाठ म्हणतात. एक दिवसाआड पाणी यायला लागल्यावर उलट सांडणं वाढलं, हेही मी बघितलं. पाणी येणार म्हणून घरोघरी हंडे-पिंपं भरून ठेवायची, आणि ताजं आलं की कालचं 'शिळं' म्हणून मोरीत ओतायचं. झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी एका दिवसात शिळं होत नाही. पण मोरीही ओव्हरफ्लोसारखीच. तिच्यात ओतलेलं कुणाला दिसत नाही. न दिसणाऱ्या पाण्याला पाट्यांचा उपयोग नाही. माणूस सुधारेल तेव्हा सुधारेल. पाइप आजच सुधारता येतो.

म्हणून माझी मागणी फार छोटी आहे. इमारतीचा भोगवटा दाखला देताना तपासणीला येणाऱ्या माणसानं गच्चीवर जाऊन एकच प्रश्न विचारावा: टाकी भरली तर पाणी कुठं पडेल, ते मला दाखवा. बोट दाखवता आलं तर पास. पावसाच्या पाइपात, गटारात, भिंतीच्या पोटात जात असेल तर नापास. जुन्या इमारतींनी तपासनिसाची वाट बघू नये. दोन फूट पाइप, एक एल्बो आणि कठड्याला एक भोक, एवढ्यावर काम भागतं. बंगला असेल तर ओव्हरफ्लो पुढच्या दारावर सोडा. जाता-येता डोक्यावर पाणी पडलं की घरातला सगळ्यात आळशी माणूससुद्धा वर चढेल.

परवा पहाटे सव्वापाचला आमचा पत्रा वाजला. मी दचकून उठलो, चपला शोधून जिना उतरेपर्यंत खाली तिघं जमलेले होते. एक गृहस्थ तर लुंगीवर, तोंडात ब्रश तसाच. मोटर एव्हाना बंद झाली होती. सेन्सरची काडी क्षारांनी भरली होती म्हणून मामा हातानं मोटर चालवत होते, आणि त्यांचा डोळा लागला होता.

कुणी काही विचारायच्या आत ते स्वतःच म्हणाले, "साहेब, या बारीला मीच हाय. झोप लागली."

पत्र्यावरून शेवटचे थेंब पडत होते. पैसे कापायचा विषय कुणी काढला नाही. ब्रशवाले गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या मामा, चार मिनिटंच वाहिलं." मी वर जाऊन काडी घासायला घेतली.